तात्पुरतेपणाची आठ वर्षे

जमिनीत रोवलेला कच्चा बांबू पावसाळी हवेत फार दिवस टिकत नाही. बुडाशी ओल धरते, वरून भुंगा लागतो, पोखरलेल्या भोकांतून पिवळसर भुकटी गळू लागते आणि दुसरा पावसाळा यायच्या आत खांब बदलावा लागतो. कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगायला नको. बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यात मात्र दहा लाखांहून अधिक माणसे गेली आठ वर्षे याच बांबूच्या आणि ताडपत्रीच्या आधाराने राहत आहेत. त्यांना विटेची भिंत बांधायला परवानगी नाही. वीट लागली की मुक्काम पक्का झाला असे होते, आणि हा मुक्काम मान्य करायला कोणीच तयार नाही. हे पुस्तक त्या बांबूविषयी आहे असे म्हटले तरी चालेल.

रोहिंग्या हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. पण आपल्या वर्तमानपत्रांत तो बहुतेक वेळा संशयाचे बोट धरून येतो. कुठे झडती, कुठे कारवाई, कुठे निवडणुकीच्या भाषणातला इशारा. त्यामुळे या शब्दामागची माणसे आपल्या डोळ्यांसमोर उभीच राहत नाहीत. ती कोण, त्यांची जबाबदारी कोणाची, ती परत कधी जाणार, या प्रश्नांवर रागाने बोलणारे पुष्कळ आहेत. हे प्रश्न सुटेपर्यंत त्या माणसांनी पाणी कुठले प्यावे, शौचाला कुठे जावे, रात्री दाराला कडी कशी लावावी, हे विचारणारे फार थोडे. पुढच्या पानांवर मुख्यतः हेच विचारले आहे.

थोडा पूर्वेतिहास सांगायला हवा. म्यानमारच्या राखाइन प्रांतातून, म्हणजे जुन्या अराकानातून, नाफ नदी ओलांडून रोहिंग्या बांगलादेशात येण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९७८ मध्ये सुमारे दोन लाख आले, १९९१-९२ मध्ये सुमारे अडीच लाख. मधल्या काळात, १९८२ साली, म्यानमारने नागरिकत्वाचा नवा कायदा केला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या या समाजाला स्वतःच्याच गावात परके ठरवले. २५ ऑगस्ट २०१७ रोजी एका सशस्त्र गटाने राखाइनमधल्या पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर म्यानमारच्या लष्कराने गावेच्या गावे जाळली, माणसे मारली, स्त्रियांवर बलात्कार केले. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती.

ती आली तेव्हा उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांतल्या टेकड्यांवर वनखात्याचे जंगल होते, आणि १९९२ पासूनच्या कुतुपालोंग व नयापाडा या दोन जुन्या छावण्या होत्या. जंगल काही आठवड्यांत उतरले. झाडे तोडली, मुळेसुद्धा सरपणासाठी उपटली. वाळूमिश्रित मातीच्या या टेकड्यांना धरून ठेवणारे होते ते हेच. त्यांच्या उतारांवर पायऱ्या कापून माणसांनी बांबू रोवले. हा हत्तींचा जुना रस्ता होता. सुरुवातीच्या महिन्यांत वाट अडलेल्या हत्तींनी डझनभर माणसे चिरडली. मग छावणीतल्याच लोकांची पथके तयार केली, बांबूचे मचाण उभारले, आणि हत्ती आला तर त्याला न बिथरवता परत कसा वळवायचा हे ती पथके शिकली. दरडींवर असा उपाय सापडलेला नाही. उतारांवर वाळा लावला, नाल्या बांधल्या, धोक्याच्या जागेवरची घरे हलवली; तरी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे टेकडी खचते आणि झोपेतली माणसे गाडली जातात.

कुतुपालोंग-बालुखालीचा सलग पसारा सुमारे तेरा चौरस किलोमीटरचा. त्यात सहा लाखांहून अधिक माणसे. जगातली सर्वांत मोठी निर्वासित छावणी म्हणून तिचे नाव घेतले जाते. मदतकार्यात सर्वत्र मानल्या जाणाऱ्या मापानुसार रस्ते, संडास, पाणवठे, शाळा सगळे धरून माणशी पंचेचाळीस चौरस मीटर जागा हवी. २०१८ मध्ये या छावणीत वापरण्याजोगी जागा माणशी साधारण पावणेअकरा चौरस मीटर होती.

मुंबईकर वाचक इथे थांबून म्हणेल की धारावी तर याहून दाट आहे. खरेच आहे. पण धारावीतला माणूस सकाळी उठून लोकल पकडतो, काम करतो, दोन पैसे आणतो, पोटमाळा काढतो, पत्र्याच्या जागी स्लॅब टाकतो, मुलाला महापालिकेच्या शाळेत घालतो. दाटीतून बाहेर पडायची वाट त्याच्यापुढे रोज उघडी असते, म्हणून दाटी त्याला सोसवते. कुतुपालोंगमधल्या माणसाला छावणीबाहेर जाऊन काम करायची परवानगी नाही. त्याला मजला चढवता येत नाही. २०१९ च्या अखेरीपासून छावण्यांभोवती काटेरी तारेचे कुंपण उभे राहिले. त्याची दाटी चोवीस तासांची आहे. या पुस्तकात ‘गर्दी’ हा शब्द जिथे जिथे येईल तिथे वाचकाने केवळ चौरस मीटर डोळ्यांपुढे आणू नयेत, हे तासही धरावेत.

निर्वासितांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थांच्या अहवालांत ‘राहणीमान’ आणि ‘संरक्षण’ असे दोन वेगळे विभाग असतात. निधीही वेगळा, माणसेही वेगळी. कागदावर ही सोय ठीक आहे. छावणीत ती टिकत नाही. २०१७ च्या शेवटच्या महिन्यांत घाईघाईने हजारो संडास खोदले गेले. कित्येकांना आतून कडी नव्हती, दिवा नव्हता, बायकांचे आणि पुरुषांचे वेगळे नव्हते. परिणाम काय झाला? बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नसत, जेवण आखडते घेत, अंधार पडल्यावर पोटात कळ आली तरी सकाळपर्यंत दाबून ठेवत. न्हाणीघर नाही म्हणून घरातच, ताडपत्रीच्या कोपऱ्यात अंघोळ करत आणि ते पाणी झोपायच्या जमिनीत मुरे. आता सांगा, संडासाची कडी राहणीमानात धरायची की संरक्षणात? दोन रुपयांच्या त्या कडीवर एका बाईचे मूत्रपिंडही अवलंबून आहे आणि अब्रूही.

सरपणाचेही तसेच. जंगल जसजसे मागे सरत गेले तसतशा बायका-मुली लाकडासाठी लांब जाऊ लागल्या आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले होऊ लागले. २०१८ च्या उत्तरार्धात घरोघरी गॅसचे सिलिंडर देणे सुरू झाले. एका निर्णयाने झाडे वाचली, डोळ्यांतला धूर गेला, बायकांची ती वाट बंद झाली आणि टेकड्यांवर पुन्हा हिरवे दिसू लागले. छावणीतल्या सुधारणांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती ही. तिच्यासाठी कुठला आंतरराष्ट्रीय करार लागला नाही, शेगडी लागली.

गर्दीच्या छावणीत माणसे कशाने मरतात आणि ती कशी वाचवायची, याचे ज्ञान जगाला फार महागात मिळाले आहे. जुलै १९९४ मध्ये रवांडातून लाखो माणसे काही दिवसांत झाईरच्या गोमा शहराजवळ येऊन पडली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. ना संडास खोदता येत, ना थडगी. पटकी आणि हगवण पसरली आणि पहिल्या महिन्यातच जवळपास पन्नास हजार माणसे गेली. मदत करणाऱ्या संस्थांनी त्यानंतर स्वतःची झाडाझडती घेतली आणि १९९७ पासून किमान मापे ठरवायला घेतली: माणशी रोज पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास, माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा. हे कोरडे आकडे गोम्याच्या त्या खडकावर लिहिले गेले आहेत.

त्याआधीचा धडा आपल्याच उपखंडातला आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. सीमेवरच्या बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर, स्वतःच्याच घाणीत पडलेले होते आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून, पिंपांत भरून, रोग्यांच्या नातेवाइकांकरवीच पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आज आपल्या प्रत्येक घरात जुलाबावर जी पुडी पाण्यात मिसळतात, तिची मोठी परीक्षा निर्वासितांच्या त्या गर्दीत झाली. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

हे ज्ञान कॉक्स बाजारमध्ये कामाला आले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०१७ मध्येच पटकीच्या लशीचे सुमारे नऊ लाख डोस देण्याचे काम सुरू झाले आणि ज्या भीषण साथीची भीती होती ती आली नाही. त्या हिवाळ्यात घटसर्प मात्र पसरला, कारण राखाइनमध्ये या मुलांना लस मिळालेलीच नव्हती. तोही लस आणि औषधांनी आवरला गेला. संडासांच्या शेजारी खोदलेल्या उथळ कूपनलिका हळूहळू बंद करून खोल विहिरींचे पाणी सौरपंपाने टाक्यांत चढवले, क्लोरिन घालून नळांना सोडले. मैला प्रक्रियेची केंद्रे उभी राहिली. बांबू बोरॅक्सच्या द्रावणात मुरवून वापरू लागले, त्याचे बूड जमिनीपासून वर धरणारे छोटे पाये बसवले. ‘काहीच होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही प्रकरणे अवश्य वाचावीत. होते, बरेच होते, आणि थोड्या पैशांत होते.

मग अडते कुठे? याचे उत्तर २२ मार्च २०२१ च्या दुपारी मिळते. बालुखालीत आग लागली. बांबू, ताडपत्री, गॅसचे सिलिंडर आणि दोन घरांत हातभर अंतर. आग एका छावणीतून दुसरीत चढत गेली. किमान पंधरा माणसे गेली, सुमारे पंचेचाळीस हजार बेघर झाली. पळणाऱ्या माणसांना काटेरी कुंपण आडवे आले, तार कापून वाट करावी लागली, असे वाचलेल्यांनी सांगितले. त्यानंतर घरे पुन्हा उभी राहिली, पुन्हा बांबूची. मार्च २०२३ मध्ये पुन्हा आग, सुमारे दोन हजार घरे खाक, बारा हजार माणसे उघड्यावर. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा. आगीला अडवणारी मोकळी पट्टी ठेवायची तर जागा हवी. न जळणारी भिंत हवी तर वीट हवी. दोन्हींना नकाराचे कारण एकच: ही व्यवस्था तात्पुरती आहे. आठ वर्षांत या एका शब्दाने किती घरे जळली याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता. पुढच्या पानांवर तो शक्य तितका मांडला आहे.

अन्नाच्या बाबतीत तात्पुरतेपणा वेगळ्या रूपाने येतो. छावणीतला माणूस कमवू शकत नाही, म्हणून तो पूर्णपणे शिध्यावर. आणि शिधा देणारे जागतिक अन्न कार्यक्रमासारखे संघटन पूर्णपणे देणग्यांवर. २०२३ मध्ये देणग्या आटल्या तेव्हा माणशी महिना बारा डॉलरचा शिधा मार्चमध्ये दहावर आणि जूनमध्ये आठवर आला. आठ डॉलर म्हणजे ८४० टका, म्हणजे एका वेळच्या जेवणाला नऊ सेंट. त्या वर्षाच्या अखेरीस मुलांमधले तीव्र कुपोषण पंधरा टक्क्यांच्या वर गेले. ही आणीबाणीची पातळी मानली जाते. पुढच्या वर्षी रक्कम वाढली. मार्च २०२५ मध्ये ती सहा डॉलरवर येणार अशी घोषणा झाली आणि ऐन वेळी बारावर थांबली. तुर्कस्तानच्या भूकंपाने, युक्रेनच्या युद्धाने किंवा वॉशिंग्टनमधल्या एका सहीने आपल्या ताटातला घास कमी-जास्त होतो, हे छावणीतल्या आयांना पक्के ठाऊक आहे. आणि हे पहिल्यांदा घडलेले नाही. १९७८ मध्ये आलेल्या दोन लाखांपैकी सुमारे दहा हजार माणसे, बहुतांशी मुले, छावण्यांत मेली. शिधा मुद्दाम तोकडा ठेवला गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे तिथले अधिकारी ॲलन लिंडक्विस्ट यांनी १९७९ मध्ये लिहून ठेवले आहे.

जिथे कमाई नाही, शिक्षण अपुरे आहे आणि रात्री रस्त्यावर सरकार नाही, तिथे दुसरेच कोणी सरकार होऊन बसते. २०१७ मध्ये बांगलादेशाच्या लष्कराने गर्दी आवरण्यासाठी प्रत्येक वस्तीला एक ‘माझी’ नेमला, म्हणजे मुकादम. शिध्याची यादी त्याच्या हातात, तक्रारही त्याच्याकडेच. काही माझींनी जिवापाड काम केले, काहींनी प्रत्येक सहीचे पैसे घेतले. त्यांना निवडून देण्याचा अधिकार मात्र वस्तीला नव्हता. पुढे सशस्त्र टोळ्यांनी जम बसवला. मृतांची आणि जळलेल्या गावांची नोंद ठेवणारे, आपल्या लोकांच्या वतीने जगाशी बोलणारे मोहिबुल्ला यांना २९ सप्टेंबर २०२१ च्या रात्री छावणीतल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या. २०२४ मध्ये तरुणांना छावण्यांतून पकडून म्यानमारच्या युद्धात लढायला पाठवले गेले. त्याच सुमारास राखाइनमधल्या नव्या लढाईतून दीड लाखाच्या आसपास माणसे आणखी येऊन याच गर्दीत मिसळली. आणि जे इथे राहू शकत नाहीत ते मच्छीमारी होड्यांतून अंदमानच्या समुद्रात उतरतात. २०२३ मध्ये अशा प्रवासात ५६९ माणसे मेली वा बेपत्ता झाली.

बांगलादेशाला दोष देऊन हे प्रकरण मिटवता येणार नाही, आणि मी तसे करणारही नाही. स्वतः दाटीवाटीने राहणाऱ्या या देशाने २०१७ मध्ये सीमा बंद केली नाही. पहिल्या दिवसांत भात शिजवून आणला तो उखिया-टेकनाफच्या गरीब गावकऱ्यांनी. त्यांची मजुरी पडली, जंगल गेले, विहिरींचे पाणी खाली गेले, आणि आपल्याच तालुक्यात ते अल्पसंख्य झाले. १९५१ च्या निर्वासित करारावर बांगलादेशाची सही नाही. आपलीही नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये परत पाठवायच्या बसगाड्या तयार ठेवल्या, त्यांत कोणीही स्वखुशीने चढले नाही, कारण पलीकडे ना नागरिकत्व होते, ना जाळलेले घर. ढाक्याची भीती अशी की छावणी चांगली केली तर माणसे जाणार नाहीत. ही भीती समजू शकते, पण ती चुकीची आहे. माणूस परत जातो तो इथला संडास वाईट आहे म्हणून नाही. तिथे जिवंत राहता येईल असे वाटते तेव्हा जातो. आणि त्या दिवशी शिकलेला, कमावता, धडधाकट माणूस लवकर जाईल. आठ वर्षे रांगेत बसवलेला नाही.

हे मी पुस्तकी तर्काने म्हणत नाही. मी कल्याणच्या आसपास वाढलो. आमच्याकडे आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असे म्हणतात आणि तो शब्द कुठून आला हे रिक्षावाल्याच्या मनातही येत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत ठेवले होते. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या माणसांना नागरिकत्व होते, हा मोठा फरक आहे आणि तो मी विसरत नाही. पण छावणीचे गाव झाले ते पापड विकायची, दुकान टाकायची, शाळा काढायची, वीट रचायची मुभा होती म्हणून. आणखी दक्षिणेला, कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुले. ती इथली नागरिक नव्हती, कायमची राहणारही नव्हती. तरी त्यांच्या मुलांच्या शाळा होत्या, त्यांच्याच भाषेतल्या. कुतुपालोंगच्या मुलांना म्यानमारचा अभ्यासक्रम शिकायची परवानगी मिळायला २०२१ ची अखेर उजाडली, आणि २०२५ मध्ये निधीअभावी त्यांचे हजारो वर्ग बंद पडले. पाहुण्यांची मुलेही शिकली पाहिजेत, एवढे वळिवड्याला ऐंशी वर्षांपूर्वी कळत होते.

या पुस्तकातल्या मागण्या म्हणूनच साध्या आहेत. टिकाऊ सामानाने घर बांधू द्या, दोन घरांत आगीची पट्टी सोडा, कुंपणाला फाटके ठेवा आणि ती उघडी ठेवा, वस्तीला आपला माणूस निवडू द्या, छावणीत आणि छावणीबाहेर मजुरी करू द्या, आणि जे काही बांधाल त्यात उखिया-टेकनाफच्या गावकऱ्यांचा वाटा ठेवा. म्यानमारवर दबाव आणणे हे मोठ्या राष्ट्रांचे, आणि शेजारी म्हणून आपलेही काम आहे. त्याला किती वर्षे लागतील कोण जाणे. वरच्या यादीला एक पावसाळा पुरेसा आहे.

वाचकांना एकच विनंती. संडास, नाल्या आणि कड्या यांवरचे प्रकरण पुस्तकाच्या मध्यावर आहे आणि त्यात तक्ते बरेच आहेत. ते रूक्ष वाटून ओलांडू नका. सुरुवात तिथूनच केलीत तरी चालेल.